नाव ठेवण्याआधी

बरणी क्रमांक एकशे सतरा.
खोली चार हजार आठशे बारा मीटर.
तळ: मऊ गाळ, बटाट्याएवढे काळे गोटे.
यंत्राच्या हाताने उपटताना धड तुटलं असावं.
उरलाय तो देठ, काचतंतूंचा, पीळ दिलेला, हातभर,
माथ्याला चिकटलेली एक चिंधी
आणि देठावर दाटीने बसलेली पिवळट फुलं.
फुलं नव्हेत ती. प्राणीच. भाडेकरू.
त्यांची यादी वेगळी.

बाहेर वेलिंग्टनचा वारा
खिडकीला खांदा लावून उभा.
विन्सम हॅड्रेलच्या नजरेच्या मधोमध
आता एक करडा ठिपका असतो,
जग तिला त्याच्या कडेकडेने दिसतं.
म्हणून मी बघते. ती ऐकते.

चिंधीतला नखाएवढा तुकडा
नत्राम्लात उकळला. मांस विरघळलं.
मांस तरी किती, ओल्या कोळिष्टकाइतकं,
आत भिंती न घातलेलं घर,
एक पेशी कुठे संपली आणि दुसरी कुठे लागली
ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.
तळाशी चिमूटभर पांढरं.
थांबायचं. निवळू द्यायचं.
वरचं पाणी हलकेच ओतायचं,
पुन्हा पाणी, पुन्हा थांबायचं.
घाई केलीस, ती म्हणते,
तर सगळ्यात बारीक सुया मोरीत जातील,
आणि खरी ओळख त्यांच्यातच असते.

"काय दिसतं?"
"चांदण्या. सहा टोकांच्या."
"चांदण्या नकोत. कोन सांग."
"काटकोन. तिन्ही अक्ष काटकोनात."
"पुढे."
"एक, सुरूच्या झाडासारखं..."
"सारखं म्हणू नकोस, मेलेआने. मोज."
मी मोजते.
मग छत्र्या: एका दांड्याच्या दोन्ही टोकांना
एकमेकींकडे तोंड करून मिटत आलेल्या.
छत्र्या म्हटलेलं तिला चालतं,
कारण ते तिच्या आधीच कुणीतरी म्हणून ठेवलंय.
"पाकळ्या?"
"आठ."
"टोकं?"
मी चक्री केसभर फिरवते. काच काचेआड जाते.
"बोथट. बहुतेक."
"बहुतेक?"

हाआपाईला माझे वडील
रात्री बत्ती विझवून गळ ओढायचे.
मासा पाण्याबाहेर यायच्या आत
दोरीच्या हिसक्यावरून त्याचं नाव सांगायचे.
एकदा ओढता ओढता गप्प झाले.
आलं ते ओल्या हाताने चाचपलं,
कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, दोनदा,
आणि पाण्यात सोडून दिलं.
काय होतं, मी विचारलं.
"माहीत नाही," म्हणाले,
आणि नव्या गळाला आमिष लावू लागले.

टेबलावर कंपनीचं पत्र.
त्यांना ते काळे गोटे हवेत,
आणि शुक्रवारपर्यंत यादी,
एकही रकाना रिकामा नको.
मागच्या खेपेला आम्ही नाव ठेवलं नव्हतं
म्हणून त्यांनी आम्हाला नावं ठेवली होती.

विन्समने हातमोजा काढला.
"दे इकडे."
देठ बोटांत धरून खालून वर गेली,
पिळाच्या उलट्या दिशेने, मग सुलट्या.
तीन पुस्तकं काढायला लावली,
मी चित्रांखालचे आकडे वाचत गेले,
ती प्रत्येकाला नाही म्हणत गेली,
एकदा मात्र तिने नाही म्हणायला वेळ लावला.
"तो आकडा परत वाच."
वाचला.
"नाही."
चहा निवून त्यावर साय आली होती.

"वंश लिही. हायलोनेमा.
पुढची जागा मोकळी सोड."
"त्यांना वाटेल आपल्याला माहीत नाही."
"मग?"

मी शिसपेन्सिलीने लिहिलं.
शाई अल्कोहोलात उतरते, पेन्सिल टिकते.
चिठ्ठी बरणीत सोडली. गिरक्या घेत तळाला गेली,
अक्षरं भिंतीकडे करून बसली.
चिमट्याने वळवली.

त्या रात्री तारो सोलताना
अंगठ्यात काहीतरी टोचत राहिलं.
दिव्याखाली धरला, भिंग लावलं,
उलटसुलट केला.
दिसत नव्हतं.
होतं.