लाँच्या मनोऱ्यावरचे बैल

मनोऱ्यावरून सोळा बैल खाली वाकून बघतात.
आठशे वर्षं झाली,
दगड ओढून झाले, जू उतरलं,
खाली यायचं मात्र कुणी सांगितलं नाही त्यांना.

मारीव्होन किल्ल्या खुळखुळवत पुढे.
अर्ध्या जिन्यात थांबते,
गुडघा चोळते, भिंतीला शिवी हासडते,
आणि त्याच भिंतीला धरून पुन्हा चढू लागते.

वर वारा. बीटाची शेतं,
स्टेशन काड्यापेटीएवढं.
“तो कोपऱ्यातला माझा,” ती म्हणते.
त्याचं एक शिंग तुटलंय.
कशाने, ते सांगत नाही.

मी विचारतो, बांधणाऱ्यांची नावं कुठे?
ती खांदे उडवते,
एप्रनच्या खिशातून सफरचंद काढून कापते.
अर्धं मला.
अर्धं कठड्यावर ठेवते,
शिंग तुटलेल्या बाजूला.