ओळ एक्केचाळीस

ओउलूत डिसेंबरात दुपारी दोनलाच अंधार पडतो
आणि रस्त्यांखालच्या नळांतून
उकळतं पाणी घरोघर निघतं.
कुणाला किती, कधी, हे ठरवणारा प्रोग्राम
हिल्क्का सारेलाच्या यंत्रावर
दर रात्री नव्यानं बांधला जातो.
बांधायची कृती एकाच फाइलीत:
आधी हे, मग ते, ते नसेल तर थांब.
नऊशे ओळी. एकोणीस वर्षं.
झोपलेल्या बाळाखालचं दुपटं काढावं
तसे सगळे तिला हात लावतात.

मागे एकदा
एका टॅबच्या जागी आठ स्पेस पडल्या.
डोळ्यांना दोन्ही सारखंच पांढरं,
बर्फावर बसलेला बर्फाळ ससा.
यंत्र अडलं. तीन माणसं, एक रात्र.
पहाटे पाचला योर्मानं कर्सर ओळीच्या टोकाशी नेऊन
बाणाची कळ दाबली,
तर तो एका उडीत पलीकडे जायचा सोडून
एकेक पाऊल टाकत चालला. आठ पावलं.
कोणी हसलं नाही.
कॉफी मशीनही तेव्हा बंद होतं.

मग हिल्क्कानं पहारेकरी लिहिला.
तो फाइल चालवत नाही, नुसती वाचतो,
कुणी बदल आत ढकलला की दारातच अडवून विचारतो:
या नावाला कुणीच हाक मारत नाही, ठेवलंय कशाला?
ही पायरी स्वतःच्याच खांद्यावर उभी आहे, कशी?
हे कोण? याची ओळख कुठंच करून दिलेली नाही.
पहिल्याच दिवशी दोनशे बारा इशारे.
योर्मा म्हणाला,
तांबड्या शाईची दौतच लवंडलीस की.

ओळ एक्केचाळीस.
वर नाव ठेवलंय 'वारास्तो', म्हणजे कोठार.
खाली हाक मारलीय 'वार्स्तो',
जे फिनिशमध्ये कशालाच म्हणत नाहीत.
एक अक्षर गळलेलं.
आणि ज्या नावाला अर्थ नाही
त्याच्या जागी यंत्र पोकळी ठेवतं
आणि तक्रार न करता पुढे जातं.
हिल्क्कानं गळलेला 'अ' परत लावला,
शर्टाचं तुटलेलं बटण लावावं तसा सहज.

बांधणी कोसळली.

एकोणीस वर्षं बरोबर चाललेलं
दुरुस्त केल्यावर मोडलं.
प्रोग्राम कोठारात गेला,
कोठारात पंपांचे तक्ते नव्हते.
ते पडले होते डिस्कच्या अगदी मुळाशी, उघड्यावर,
जिथं पोकळीतूनच पोचता येतं.

तिनं आर्वो नीस्कानेनला फोन लावला.
निवृत्त. हायलुओतोच्या समुद्रावर,
बर्फात पाडलेल्या भोकापाशी स्टुलावर बसलेला.
वाऱ्यात त्याचा आवाज येत-जात होता.
"चूक नव्हती ती," तो म्हणाला,
"मीच काढला तो 'अ'.
डिस्क भरत आली होती, शुक्रवार होता,
तक्ते बाहेर सरकवले आणि नाव पोकळ केलं.
सोमवारी नीट करणार होतो."
कुठल्या सोमवारी, ते त्यानं सांगितलं नाही.
"थांब, दोरी हलतेय," म्हणाला,
आणि बराच वेळ नुसता वारा.

म्हणजे कुणीतरी जाणूनबुजून ध चा मा केला होता,
पण मारायला नव्हे, वाचवायला.
हे पहारेकऱ्याला कसं कळावं?
त्याला एवढंच कळतं की अक्षर नाही.
ते का नाही, हे समुद्रावर बसलेल्या
एका म्हाताऱ्याला ठाऊक,
आणि त्याचा फोनही थंडीत अर्ध्यावर विझतो.

तिनं तक्ते कोठारात नेले.
'अ' लावला. वर टिपणीची एक ओळ लिहिली:
आर्वोचा सोमवार, आज केला.
बाहेर उणे सव्वीस.
बांधणी हिरवी झाली आणि त्या रात्री
शहरात कुणालाच काही जाणवलं नाही,
मोरी गरम होती, मोजे नळीवर वाळत होते.

योर्मानं खुर्ची ओढली.
"अठ्ठावन्नवर काय म्हणतोय तुझा पहारेकरी?"
अठ्ठावन्नवर तो म्हणत होता
की ही ओळ कधीच गाठली जात नाही.
हिल्क्काचं बोट पुसायच्या कळीपर्यंत गेलं.
मग तिनं विचारलं,
ही कुणाची?