उणे बारा

खोक्यावर छापलेलं तेच:
वक्रता आठ पूर्णांक सहा, व्यास चौदा पूर्णांक दोन.
म्हणून खणात होती ती, उणे तीनची लेन्स
मी तुझ्या डोळ्यावर ठेवली, तोंचका.
छान बसली. पापणी मिटली की केसभर सरकायची,
उघडली की परत जागेवर.
झालं काम, म्हटलं मी.

कामं अशी होतात थोडीच.

तुझ्या चष्म्याचा नंबर उणे बारा.
डोळ्याला टेकवला की साडेदहा;
उरलेला दीड काच आणि बुबुळामधल्या
बोटभर हवेत विरतो.
आठवड्याने ल्युब्लियानाहून तुझी जोडी आली.
तीच वक्रता, तोच व्यास,
आणि प्रत्येक उघडझापीला वरची पापणी
तिचा पदर धरून ओढायला लागली.

"हिची किनार जाड आहे," तू म्हणालीस.
चाळीस वर्षं लेस विणणारी तू,
बोट न लावता ओळखलंस.
मधे पातळ, कडेला जाड:
उण्याची सगळी उधारी काठावर चढते.
अधिकाच्या लेन्सचं उलटं, तिचं मधे पोट सुटतं,
खाली बुबुळ श्वासाला महाग.
नंबरालाही अंग असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं.
तुझ्या डोळ्यात पाहिलं.

तिसरी जोडी, काठ तासलेली.
माझ्या बोटाच्या टोकावर थरथरत होती तेव्हा
तू हसलीस: बाबा खाणीतून असाच पारा आणायचे,
औषधाच्या बाटलीत, चोरून.
साऱ्या इद्रियाच्या घरी असायचा तेव्हा.

मग तू हात समोर धरलेस.
"एवढे मोठे?"
सहाव्या वर्षापासून चष्मा ते
लहान करून दाखवत आला होता.
बाहेर बाकावर अल्बिन बसला होता.
त्याचा चेहरा पाहून तू काहीच बोलली नाहीस.

सोमवारी परत आलीस, काखेत लेसची उशी,
टाचण्या, बॉबिनी, अर्धी विणलेली कमळाची पाकळी.
"लांबचं सगळं स्वच्छ. जवळ दोरा फाटतो."
फाटणारच. जवळ पाहण्याचा थोडा भार
तो जाडा चष्मा मुकाट्याने उचलायचा.
आपण त्याला फक्त कुरूप म्हणत होतो.

आता विणायला चष्मा, बाकी वेळ लेन्स.
कार्डावर लिहिलं: बसणं ठीक. दृष्टी ठीक.
तक्रारीच्या रकान्यात, काय लिहावं न सुचून,
हात मोठे.