खालची पानं

चर्चमागचा बर्फ सरून महिना झालाय.
सायमी ओल्या गवतात गुडघे टेकून, भिंग डोळ्याला.
फुलाकडे बघतच नाही.
पिवळी काय, सगळीच असतात, म्हणते,
आणि पाकळ्या? पाचातल्या दोन कुणी कुरतडल्यासारख्या.
खालची पानं बघ. दाते मोज.

या बटरकपला पराग लागतो तो निमित्तापुरता;
बी आईचंच,
लेक म्हणजे पुन्हा आईच.
म्हणून या कुंपणाचं कूळ निराळं,
तळ्याच्या धक्क्याजवळचं निराळं.

"मला तर एकच दिसतात," कबरी खणणारा ओन्नी म्हणतो.

"आणि माती? तीही सगळीकडे एकच?"

"छे! घंटेकडे वाळू, इथं चिकण.
फावडं टेकलं की कळतं."

सायमी बसल्या जागेवरून
भिंग त्याच्यापुढे धरते.