रेफरल

शलाका, तुझा सीव्ही मिळाला.
दोन पानांत मावलीस, बरं झालं.
विचारतेस, आत्या, कंपनी कशी आहे?

थंड आहे.
बाहेर दोहा सत्तेचाळीसवर तापलेलं
आणि मी चोविसाव्या मजल्यावर आईची शाल घेऊन बसते.
समुद्र दिसतो. खिडकी उघडत नाही.
रविवारी कामावर जायचं असतं, हे आधीच सांगते.

पगार पंचवीस तारखेला, सकाळी नऊच्या आत.
आईचा डावा गुडघा गेल्या सालच्या बोनसचा,
उजवा यंदाच्या.
मी दुरुस्त केलेलं एक बटण रोज कोट्यवधी लोक दाबतात
आणि कुणाला काही कळत नाही.
कळलं, तर समज आपलं चुकलं.
आणखी एक. आडनाव ऐकून इथे कुणी थबकत नाही,
‘म्हणजे नक्की कुठले?’ असं विचारत नाही.
सहा आकड्यांचा नंबर, बस.
पहिल्या वर्षी त्या नंबराने मला केवढं हलकं केलं होतं!
तुला सांगायला नको. तुझंही आडनाव तेच.

मुबीन परकारलाही नंबरच होता.
खेडचा. सहा फूट दोन. गुरुवारी सांदणं आणायचा,
मोजून, सगळ्यांना एकेक.
मे महिन्यात एका सोमवारी अकरा वाजता
त्याचं नाव चॅटमध्ये राखाडी झालं.
सव्वाअकराला निरोप आला: रचनेत काही बदल.
डबा फ्रिजमध्येच राहिला होता.
धुऊन घरी नेऊन दिला, तर त्याची बायको
झाकण उघडून आत बघत राहिली.
म्हणाली, शाळा जूनपर्यंत तरी राहील ना, ताई?
इथे नोकरी एकटी जात नाही गं,
घर, शाळा, राहण्याचा कागद,
सगळ्यांना हाताला धरून नेते.

त्याची खुर्ची मला मिळाली.
उंची बदलायचा खटका कुठे आहे, मला माहीत आहे.

ऑगस्टमध्ये रात्री दोनला सगळं कोसळलं.
शोधत शोधत आम्ही एका जुन्या फाइलीत पोचलो,
तिथे हजारभर इंग्रजी ओळींच्या मधोमध देवनागरी:
‘इथे हात लावू नका. का चालतंय मलाही ठाऊक नाही.
पण चालतंय. – मु.’
रानियाने विचारलं, काय लिहिलंय?
सूचना आहे, मी म्हटलं, सुरक्षिततेची.
आणि मला हसू फुटलं, ते थांबेचना,
शेवटी तिनेच पाण्याचा ग्लास पुढे केला.
आम्ही हात लावला नाही. बिघाड दुसरीकडेच होता.

रेफरल पाठवलंय.
फॉर्मवर विचारतात, उमेदवाराला कितपत ओळखता?
तीन पर्याय होते, एकही बरोबर नव्हता.
मधला निवडला.

आलीस तर शाल आण.
आणि जमलं तर आपला तो लहान पाट,
त्या खुर्चीत माझे पाय अजून
जमिनीला टेकत नाहीत.