वाढत्या अंगाची

माझ्या हातचा एकही फ्रॉक
बेतापुरता नसतो.
खाली चार बोटं दुमड, कमरेला दोन चुण्या,
बगलेत आत दडवलेलं कापड.
खणभागातल्या बायका सांगतातच,
वाढत्या अंगाचं शिवा हो,
पुढच्या दिवाळीलाही झालं पाहिजे.
आणि मी शिवते. अठरा वर्षं तेच शिवते.

म्हणून मुजावरांच्या दुकानात
मी सरळ चोविशीवर हात ठेवला.
दहावीपर्यंत बघायला नको.
शर्वरीचंही मन तिच्यावरच,
जांभळा रंग, गिअर, पाण्याच्या बाटलीला जागा.
विशीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.
"ती बारक्यांची असते."

बाबालाल मुजावर काही बोलले नाहीत.
टबातल्या पाण्यात ट्यूब फिरवत राहिले,
बुडबुडा कुठून येतो ते बघत.
मग हात पुसून म्हणाले,
बसवा तिला.

ती बसली.
म्हणजे लटकली.
अंगठे तेवढे फरशीला, तेही आळीपाळीनं,
ब्रेकपर्यंत बोटं पोचेनात
आणि तोंडावर हसू असं
की आयर्विन पुलावरून निघालीय एकटी.

"टेप आहे का तुमच्याकडं?"
मला विचारतात!
तो माझ्या गळ्यातच असतो,
बाजारला निघताना काढायचा राहून जातो.
"पॅन्टची आतली शिलाई घेता तशी घ्या.
चपला काढून."
घेतली. साडेबावीस.
आकडा मला पाठच होता,
जूनमध्येच शाळेची सलवार शिवलेली.
वर तीन इंच दुमड.

"दुमड पायाला नसती, ताई."

मला माझी आठवली.
आबांनी तासगावच्या बाजारातून आणलेली,
हिरवी, मधल्या दांड्याची,
वाढत्या अंगाची.
दांड्याखालून पाय घालून कैची मारत
दोन पावसाळे काढले, हनुवटीला टाके.
सीटवर बसून पाय पुरायला लागले
त्याच वर्षी शाळा सुटली,
सायकल दादाकडं गेली
आणि मी शिलाई मशीनवर बसले.
त्याचं पायडल मात्र
पहिल्या दिवसापासून पुरलं.

विशीच घेतली. जांभळी नव्हती, लाल.
बाटलीचं स्टँड मुजावरांनी कुठल्याशा डब्यातून शोधून
फुकट बसवून दिलं.
निघताना सीटखालचा नट सैल केला.
दांडी नळीतून वर आली,
कोरी, ग्रीस लागलेली.
"ही बघा तुमची दुमड.
पाच-सहा महिन्यांनी बोटभर उसवायची.
ही रेघ वर दिसली की थांबायचं,
जबरदस्ती करायची नाही.
मग माझ्याकडं यायचं."

शर्वरी रुसली.
शंभर फुटीपर्यंत रुसलेलीच होती.
तिथं एक म्हैस आडवी आली
आणि तिला कळलं,
थांबायचं झालं तर दोन्ही पाय टेकतात.
त्यानंतर ती थांबायचंच विसरली.
मी मागून पिशवी सावरत, पळत.

आमच्या भिंतीवर उंचीच्या खुणा नाहीत.
पुराच्या पाण्याची रेघ आहे,
रंग दिला तरी ओल धरून वर येते.
तिच्याशेजारी पोरीला उभं करायला
नको वाटतं मला.
म्हणून मी दांडी बघते.
संक्रांतीला एकदा पाना लावला,
परीक्षा संपल्यावर एकदा.
सगळ्या सायकलीवर धूळ, चिखल, कसले कसले स्टिकर,
सीटखाली तेवढं दोन बोटं लोखंड
चकाकत असतं.

परवा म्हणाली,
आई, अजून थोडी वर कर ना, सगळ्यांची वर आहे.
मी खाली वाकून टाच बघितली.
टेकत होती अजून, नीट.
"इतक्यात नाही," म्हटलं
आणि पाना हातात होताच,
तर नट उगाच
आणखी थोडा आवळला.