हवेचं भाडं

रात्री अडीचला, टेर होटच्या धक्क्यावर
मी लोकांच्या मालाची मापं काढतो.
लांबी, रुंदी, उंची, मग वजन,
मग एकाने दुसऱ्याला भागायचं.
चौथीतलं गणित,
फक्त त्यावर कुणाचं तरी दुकान चालतं किंवा बसतं.

बिडाच्या तव्यांचं खोकं गपगार बसतं,
त्याला आम्ही स्वस्तात नेतो.
पिंगपाँगच्या चेंडूंना महाग पडतं.
जड असणं इथे गुन्हा नाही.
जागा अडवायची आणि आत काही नाही, हा गुन्हा.
(मेहुण्याबद्दल बोलत नाहीये मी.)

सीडर रॅपिड्सच्या ल्यूडमिला हर्डलिच्का
कागदी लँपशेड करतात.
माणसाहून उंच पॅलेट,
वजन एकशे तीस पौंड, लाकूड धरून.
मार्चमध्ये टेप मीच लावली, वर्ग मीच बदलला.
मागाहून त्यांना बिल गेलं,
दोनशे चौदा डॉलर, फरकापोटी.
त्यांचा फोन आला. ओरडल्या नाहीत.
"आत असं काय होतं, ज्याचे पैसे लावलेत?"
मी म्हटलं, "हवा, मॅडम."
"कुठली? आयोवाची?"

सालच तसं होतं.
समोरची कंपनी बुडाली,
तिची दारं क्रमांकांसकट लिलावात गेली,
आवारात गुडघाभर गवत,
आणि तिचा सगळा माल आमच्या दारात.
पूर आला की नाववाला चढवतो तसे दर चढले.
डिझेल उतरलं, डिझेलचा अधिभार रेंगाळला,
निघतो निघतो म्हणत उंबऱ्यात गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखा.
जानेवारीत पत्र: सरसकट पाच पूर्णांक नऊ टक्के.
सहा म्हणायची लाज वाटली असावी.

जूनमध्ये त्यांचं पॅलेट पुन्हा आलं.
काटा म्हणाला, पाचशे ऐंशी.
उतरवलं, पुन्हा चढवलं.
पाचशे ऐंशी.
प्लास्टिक बाजूला करून बॅटरी मारली:
शेडच्या पोकळीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
वीट.
खालच्या खोक्यांत तर तीन-तीन.

पाचशेची रेघ ओलांडली की दर एक पायरी उतरतो,
मालात दाटी झाली की वर्गही.
बाईंनी आमचं दरपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं.
आमच्यात ते कुणी केलेलं नाही.
विटेला नियमात बंदी नाही, मी दोनदा पाहिलं.
सही केली.

नॉक्सव्हिलला माल घेतो तो ऑरविल टिप्टन.
क्लेटस, आमचा त्या मार्गावरचा ड्रायव्हर, सांगतो,
टिप्टनने पहिल्या विटा मागच्या अंगणात फेकल्या,
दुसऱ्या खेपेला पायवाट केली,
आता बुटकी भिंत घालतोय.
दिवे संपले म्हणून नाही,
कोपऱ्याला चाळीस विटा कमी पडल्या
म्हणून परवा त्याने शेड मागवल्या.

धक्क्यावर आता कॅमेऱ्यांची कमान बसवली आहे.
पॅलेट खालून गेलं की माप तयार, मला विचारत नाही.
टेप खिशात असते, सवयीने.

क्लेटसने काल निरोप आणला:
पुढच्या खेपेला लाल विटा मिळतील का,
पिवळ्या विटा भिंतीत वेगळ्या दिसतात.
हा निरोप कुठल्याच कागदावर बसेना.
फरकाच्या जुन्या बिलावर बाईंचा नंबर होता.
सकाळी, पाळी संपल्यावर, लावला.

"कोण," त्या म्हणाल्या, "हवेवाले का?"